जागेवरून हलवू नये

साहेब, आमची झाडं वादळानं पाडली. मारली तुम्ही.

दादानं हे लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि स्वतःवर खूश झाला. सदतीस वर्षं कचेरीत मसुदे लिहून झिजलेला हात. त्या हातानं आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी लिहिलं होतं, की कोणी काय केलं ते सरळ कळावं. मग तो पुढच्या ओळीवर आला आणि पेन अडलं. पुढची ओळ अशी व्हायला हवी होती: ‘तुमच्या सूचनेत म्हटलं होतं की काहीही हलवू नका.’ आणि ती सूचना दादानं स्वतः लिहिलेली होती.

म्हणजे गळा धरायला गेला आणि हातात स्वतःचीच कॉलर आली.

वादळ होऊन तिसऱ्या दिवशी दादा शेतावर परतला. परतला म्हणजे काय, तर एसटी जिथपर्यंत गेली तिथपर्यंत बसून, आणि पुढं आडव्या पडलेल्या विजेच्या खांबांवरून उड्या मारत सहा किलोमीटर चालत. वय बासष्ट. अंगात इस्त्रीचा शर्ट. पिशवीत तीन कोऱ्या फायली, स्टेपलर, टाचण्यांची डबी आणि शिक्क्याचं शाईचं पॅड. शिक्का नव्हता, तो निवृत्तीच्या दिवशी काढून घेतला होता. पण पॅड असलेलं बरं. घर उडालेल्या बहिणीकडं माणूस काय नेतो? ताडपत्री नेतो, दोरी नेतो, मेणबत्त्या नेतो. दादानं टाचण्या नेल्या.

धाकटी दारात उभी होती. दार होतं, चौकट होती, वरचे पत्रे नव्हते. स्वयंपाकघरावर तिनं खताच्या रिकाम्या पिशव्या शिवून छप्पर केलं होतं. भांडी पलंगाखाली आणि पलंगावर ओलं धान्य पसरलेलं.

“आलास? जेवलास का?”

“मी म्हटलं आधी यादी करू,” दादा म्हणाला. “काय काय गेलं ते.”

धाकटीनं त्याच्या पिशवीत डोकावून पाहिलं. “स्टेपलर आणलास? बरं केलंस. पत्रे टाचू.”

मग ती त्याला मागं बागेत घेऊन गेली.

जायफळाची बत्तीस झाडं होती. वडिलांनी खड्डे काढले, धाकटीनं रोपं लावली, पाणी घातलं, वाढवली. जायफळाचं झाड नर की मादी हे कळायला सहा-सात वर्षं जातात, तोवर नुसतं पाणी घालायचं आणि वाट पाहायची. दोघांनी वाट पाहिली. दादा त्या काळात शहरात बढतीची वाट पाहत होता. एका सुट्टीत आला तेव्हा हौसेनं एक रोप त्यानंही लावलं, कुंपणाजवळ, जरा वाकडं. ते नर निघालं. फळ शून्य. वडील जाईपर्यंत त्याला ‘साहेबाचं झाड’ म्हणत आले.

आता एकतीस झाडं पूर्वेकडं डोकं करून आडवी झोपली होती. अर्धी मुळं हवेत, अर्धी जमिनीत. उभं होतं ते एकच. कुंपणाजवळचं, वाकडं. वादळानंसुद्धा त्याची दखल घेतली नव्हती.

“रडू नकोस,” धाकटी म्हणाली. “मेलेली नाहीत. हे बघ.” तिनं वाकून एका मुळाची साल नखानं खरवडली. आत ओलं, पिवळसर पांढरं होतं. “जायफळाची मुळं वरवर असतात, म्हणून पटकन पडतं. पण अर्धी मुळं मातीत आहेत. फांद्या छाटायच्या, उचलून उभं करायचं, मुळांवर माती ओढायची, तीन बाजूंनी टेकू द्यायचे. जगतात. आठवड्याच्या आत करायला हवं, मुळं सुकली की संपलं. ट्रॅक्टरवाल्याशी बोलले आहे. त्याच्याकडं साखळी-कप्पी आहे. उद्या सकाळी येतोय.”

सगळं ठरलेलं होतं. दादानं काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. खरं सांगायचं तर दादानं काहीच करायला नको होतं. पण तो संध्याकाळी फाट्यावरच्या किराणा दुकानात मेणबत्त्या आणायला गेला.

दुकानाच्या उरलेल्या अर्ध्या शटरवर एक कागद डकवलेला होता. दादानं चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिथं उभ्या असलेल्या चार माणसांना बाजूला सारून पुढं झाला आणि कागदावरून बोट फिरवलं, जसं आपण जुन्या फोटोवरून फिरवतो.

‘पाहणी पूर्ण होईपर्यंत नुकसानग्रस्त मालमत्ता जागेवरून हलवू नये. हलविल्यास नुकसान झाले नाही असे समजण्यात येईल.’

हे त्याचं होतं. एकोणीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा पुरानं गोदामं बुडाली होती आणि काही व्यापाऱ्यांनी एकाच गोदामातली भिजलेली पोती चार गोदामांत फिरवून चार वेळा नुकसान दाखवलं होतं. त्याला चाप बसावा म्हणून साहेबांनी मसुदा मागवला. दादानं तीन दिवस घासून तो लिहिला. कचेरीत त्याचं नावच ‘मसुदा’ पडलं होतं. तरुणपणी त्याला लेखक व्हायचं होतं. ट्रंकेत दोन वह्या होत्या, त्या बायकोनं रद्दीत घातल्या तेव्हा रद्दीवाल्यानंसुद्धा वाचून पाहिल्या नाहीत. दादाचं लिहिलेलं छापून आलं, लोकांनी वाचलं, एवढ्या वर्षांनी अजून टिकून आहे, असं जगात एवढंच होतं.

“एक शब्द बदललेला नाही!” तो घरी येऊन धाकटीला म्हणाला. चेहऱ्यावर असं तेज, की छप्पर उडालेल्या घरात ते शोभेना.

“कशातला?”

त्यानं सांगितलं. धाकटी ऐकत होती आणि हळूहळू तिचा हात थांबला. ती फांद्या छाटायच्या करवतीला तेल लावत होती.

“म्हणजे झाडं उचलायची नाहीत?”

“पाहणी होईपर्यंत. दोन-तीन दिवसांत येतील. कचेरी मला माहीत आहे ना! उचललीस तर ‘नुकसान नाही’ लिहितील, एक पत्रासुद्धा मिळायचा नाही.”

“अरे, पण ते पोत्यांसाठी लिहिलंस ना तू?”

“मालमत्ता लिहिलंय. मुद्दाम व्यापक शब्द घेतला होता. सगळं त्यात येतं.”

“पोतं चार दिवस पडून राहिलं तर पोतंच राहतं, दादा. झाड राहत नाही.”

“नियम म्हणजे नियम.”

“झाडाला वाचता येतं का?”

यावर दादा हसला. लहान बहिणीच्या अडाणीपणाला मोठा भाऊ हसतो तसा.

चौथ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरवाला आला. ट्रॉलीत साखळी, कप्पी, जाड दोर, चार टेकूचे वासे. दादा इस्त्रीच्या शर्टात फाटकाशी उभा राहिला आणि त्याला नियम समजावून सांगितला. ट्रॅक्टरवाला साधा माणूस, बुलेटच्या टायरएवढं पोट आणि तोंड त्याहून मोठं.

“काका, मला काय,” तो म्हणाला. “मला दहा ठिकाणी बोलावलंय. ताईंना शब्द दिला म्हणून आधी इथं आलो. तुम्ही नको म्हणता, जातो. पण पुन्हा नंबर लागेल तो शेवटी लागेल हं. मग मला शिव्या नाही द्यायच्या.”

“पाहणी झाली की बोलावतो.”

“पाहणीवाल्याला सांगा, येताना खांद्यावर झाड उचलायला चार माणसं घेऊन ये.” आणि ट्रॅक्टर धूर सोडत निघून गेला.

धाकटी हे सगळं विहिरीजवळून बघत होती. ती तेव्हा का बोलली नाही? बोलायला हवं होतं, असं आता म्हणणं सोपं आहे. पण घरात शिकलेला एकच, कचेरीतला एकच, वडील शेवटपर्यंत प्रत्येक कागद ‘दादाला दाखव’ म्हणत आले. तिच्याही मनात ते भिनलेलं होतं. झाडांचं तिला कळतं, कागदाचं दादाला कळतं. आणि हे झाडांचं होतं की कागदाचं, हेच त्या सकाळी तिला नीट ठरवता आलं नाही.

संध्याकाळी मात्र ती आली. दादा मुळांवर ओली पोती टाकत होता. हो, पोती. ती टाकताना त्याला त्यात काही गंमत दिसली नाही.

“दादा, एक विचारते. सरळ सांग. तुला झाडं हवीत की तुझं ते वाक्य?”

“काहीतरीच काय विचारतेस?”

“सांग ना.”

“उद्या बोलू,” दादा म्हणाला. कचेरीत सदतीस वर्षं प्रत्येक अवघड माणसाला त्यानं हेच सांगितलं होतं.

पाचव्या दिवशी कोणी आलं नाही. ऊन मात्र आलं, असं की वादळ परवडलं. जायफळाची पानं तोवर हिरवी होती, आता कडांना तपकिरी पडू लागली. दादानं कचेरीत सतरा वेळा फोन लावला. सोळा वेळा वाजून थांबला, सतराव्यांदा उचलला आणि ठेवला.

सहाव्या दिवशी तो स्वतः गेला.

कचेरी त्याच्या जुन्या कचेरीसारखीच होती. सगळ्याच असतात. पायरीपासून रांग, रांगेत चिखलाचे पाय, आत एक पंखा, पंख्याखाली साहेबांची रिकामी खुर्ची आणि पाठीवर टाकलेला टॉवेल, म्हणजे साहेब आहेत असं समजायचं. दादा तीन तास रांगेत होता. टेबलाच्या या बाजूला एवढा वेळ तो कधी उभा राहिला नव्हता. पाय दुखतात, हे नवीनच कळलं. टेबलाशी पोहोचला तेव्हा तिशीतली एक बाई वर न बघता अर्ज घेत होती.

“झाडं उभी करायची लेखी परवानगी हवी आहे,” दादा म्हणाला. “पाहणीच्या आधी.”

“परवानगी पाहणीनंतर मिळते.”

“पाहणीनंतर परवानगी कशाला लागेल?”

“म्हणूनच मिळते.” बाईनं शिक्का मारला. “पुढचे.”

मग दादानं जे करू नये ते केलं. टेबलावर वाकला आणि हळूच, गुपित सांगावं तसं म्हणाला, “मॅडम, ती बाहेर लावलेली सूचना. तिचा मसुदा माझा आहे.”

बाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. “तुमचा?”

“माझा. एकोणीस वर्षांपूर्वीचा.”

“अहो, मग बरं झालं भेटलात! पाच दिवस लोक डोकं खातायत माझं. झाड हलवायचं की नाही, गोठा हलवायचा की नाही, मेलेली म्हैस हलवायची की नाही. सांगा ना, नक्की काय म्हणायचं होतं तुम्हाला?”

मागची रांग पुढं सरकली. सगळे ऐकत होते.

“त्यात… मालमत्ता म्हणजे मूळ हेतू पाहता…”

“म्हैस हलवायची का नाही ते सांगा,” मागून एकजण ओरडला. “वास सुटलाय घरात!”

“हलवा!” दादा म्हणाला. “अर्थात हलवा!”

“लिहून द्या मग.”

“मला तो अधिकार नाही. मी निवृत्त आहे.”

रांग हसली. म्हैसवालासुद्धा हसला, आणि त्याला हसायला काही कारण नव्हतं. दादा बाहेर पडला तेव्हा शटरवरच्या कागदाची आणखी एक प्रत भिंतीवर दिसली. या वेळी त्यानं बोट फिरवलं नाही.

घरी पोहोचला तर विहिरीजवळची पाच झाडं उभी.

फांद्या छाटलेल्या, बुंध्याला तीन-तीन टेकू, मुळांवर ताज्या मातीचे ढीग, पाणी घातलेलं. न्हाव्याकडून नुकतीच आलेली पोरं रांगेत उभी करावीत तशी. धाकटी चिखलात बसून दोर गुंडाळत होती. ट्रॅक्टरवाला दुसऱ्या शेतावर जाता जाता दोन तास थांबला होता, तेवढ्यात पाच झाली. आता तो चार दिवस नाही.

तीन तास रांगेत उभं राहून, म्हशीवरून हसू करून घेऊन आलेला माणूस हे बघून काय म्हणेल? देवा, पाच तरी वाचली, असं म्हणेल. दादा काय म्हणाला ते इथं लिहितानाही लाज वाटते.

दादा म्हणाला, “ही परत आडवी करता येतील का? पाहणीपुरती?”

धाकटीनं दोर खाली ठेवला.

“दादा,” ती म्हणाली, “तू आत जा. नाहीतर तुला आडवं करीन. पाहणीपुरतं नाही.”

त्यानंतर पाच दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ताट पुढं ठेवायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. दादा सकाळ-संध्याकाळ झारीनं सव्वीस झाडांच्या मुळांवर पाणी घालत होता. एक झाड त्यानं एकट्यानं उचलायचा प्रयत्न केला. पाठीत उसण भरली, झाड होतं तिथंच. नवव्या दिवशी त्यानं एका मुळाची साल नखानं खरवडली, धाकटीनं दाखवली होती तशी. आत तपकिरी होतं. दुसरं खरवडलं. तेही. मग त्यानं खरवडणं सोडून दिलं. इस्त्रीचा शर्ट एव्हाना मातीच्या रंगाचा झाला होता आणि तो बदलायचं त्याला सुचलं नव्हतं.

अकराव्या दिवशी पाहणीवाला आला. कोवळा, नम्र, चपला हातात घेऊन चिखलातून चालणारा. फोनवर फोटो काढत होता आणि तक्ता भरत होता. वाईट माणूस असता तर दादाला सोपं गेलं असतं.

“सव्वीस वाळलेली,” त्यानं लिहिलं. “कारण: देखभालीचा अभाव.”

“अभाव?” दादा किंचाळला. “वादळ!”

“वादळानं पडली, काका. पण मेली नंतर ना? आमचं मार्गदर्शक पत्रक आहे.” त्यानं पिशवीतून एक कागद काढला. त्यावर झाडाचं चित्रही होतं. ‘पडलेली झाडे सात दिवसांच्या आत उभी करावीत. विलंब झाल्यास जबाबदारी मालकाची राहील.’ “हे सगळीकडं वाटायचं होतं. छापून उशिरा आलं. काल.”

“आणि ती सूचना? हलवू नये?”

“ती वस्तूंना आहे, काका. झाड काय वस्तू आहे का?”

धाकटी मागं उभी होती. तिनं काहीच म्हटलं नाही. तेवढी दया तिनं केली.

“उभी पाच,” पाहणीवाल्यानं पुढं लिहिलं, “नुकसान नाही.” मग त्याची नजर कुंपणाकडं गेली. “आणि हे वाकडं? हे वादळानं वाकलंय का?”

“नाही,” दादा म्हणाला. “ते आधीपासून तसंच आहे.”

म्हणून त्या दुपारी दादा पत्र लिहायला बसला. पलंगावर, धान्य एका बाजूला सारून, फाईल मांडीवर. ‘मारली तुम्ही’ पर्यंत हात झपाझप चालला, मग अडला, ते वर सांगितलंच. तासभर तो पेनाचं टोपण चावत बसला. शेवटी लिहिलं. सगळं लिहिलं. एकाच टेबलावरून दोन कागद निघाले, एक सांगतो उचलू नका, दुसरा सांगतो उचललं नाहीत म्हणून दोष तुमचा. यातला पहिला कागद खाली सही करणाऱ्यानं लिहिला आहे, तेव्हा त्यालाही आरोपींत धरावं. सहाव्या दिवशी तो तुमच्या दारात तीन तास उभा होता. ‘जा, झाडं उभी कर’ एवढं म्हणायला तुमच्यातल्या एकाला तरी काय अडचण होती? ते नाव घालून कळवा. सात दिवसांत कळवा. आठव्या दिवशी आलेलं उत्तर आम्ही सरपणात घालू. सरपण भरपूर झालं आहे.

धाकटीला त्यानं ते वाचून दाखवलं. ती चुलीशी होती. चुलीत जायफळाची फांदी जळत होती आणि घरभर असा वास सुटला होता, की बाहेरून कोणी आलं असतं तर म्हणालं असतं, आज काही खास आहे वाटतं.

“चांगलं लिहिलंयस,” ती म्हणाली. आल्यापासून त्याला मिळालेलं पहिलं चांगलं वाक्य. दादाला लगेच बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला.

“टाचून देतो,” तो म्हणाला आणि स्टेपलर घ्यायला वळला.

“थांब. त्यांनी सात दिवसांत उत्तर द्यायचं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग माझं?”

“तुझं काय?”

धाकटीनं फांदी आत सरकवली. हात पदराला पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. बाहेर पाच झाडं टेकूंवर उभी होती. त्यांतल्या एकाला शेंड्याशी दोन लालसर पानं फुटली होती, पण दादाला ती अजून दिसली नव्हती.

“चौथ्या दिवशी संध्याकाळी तुला एक विचारलं होतं. झाडं हवीत की वाक्य. तू म्हणालास, उद्या बोलू. त्याला आज आठवा दिवस.” तिनं त्याच्या हातातलं पत्र काढून घेतलं आणि पलंगावर ठेवलं. “त्या कचेरीला मी ओळखत नाही. त्यांनी दिलं नाही तर मी समजू शकते. तू माझा भाऊ आहेस. सांग.”

दादानं तोंड उघडलं.

“उद्या नको,” धाकटी म्हणाली. “आत्ता सांग.”